पाठीवरचे ओझे

इंदूर शहराच्या पश्चिम भागात, राजवाड्याकडून विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बडा गणपती या नावाने प्रसिद्ध असलेले एक देवस्थान आहे. तेथील गणेशमूर्ती मुकुटापासून पायापर्यंत सुमारे २५ फूट उंच आहे. उज्जैनचे नारायण दाधीच यांना स्वप्नात झालेल्या दृष्टान्तावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात हे काम उभे राहिले, असे सांगतात. मूर्ती पाषाणात कोरलेली नाही. विटा, चुना, गूळ व मेथी यांच्या मिश्रणातून ती घडविली, त्या मिश्रणात पंचरत्नांची पूड घातली, हत्ती, घोडा व गाय यांच्या ठाणांतील माती मिसळली, आणि त्याखेरीज सात मोक्षपुरींची माती व प्रमुख तीर्थांचे जल तीत घातले, अशी परंपरा आहे.

ही माहिती वाचून दर्शनार्थी पुढे जातो. परंतु तिच्यातील शेवटचा तपशील क्षणभर थांबून विचारात घेण्याजोगा आहे. अयोध्या, मथुरा, माया म्हणजे हरिद्वार, काशी, कांची, अवंतिका व द्वारका या त्या सात पुरी. कांची पार दक्षिणेत, द्वारका पश्चिम समुद्राच्या काठी, हरिद्वार हिमालयाच्या पायथ्याशी. माती काही स्वतः चालत येत नाही आणि गंगा माळव्यात येत नाही. आगगाडी त्या काळात इंदुराकडे येत होती हे खरे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्या लोहमार्गासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज इंग्रज सरकारला दिले होते. तरीही घाटापासून स्थानकापर्यंत आणि स्थानकापासून देवळापर्यंत ते जल व ती माती कोणाच्या तरी खांद्यावरून, माथ्यावरून किंवा पाठीवरूनच आली असली पाहिजे. स्वप्न ज्यांना पडले त्यांचे नाव राहिले. ओझे ज्यांनी वाहिले त्यांचे राहिले नाही. ओझ्याच्या इतिहासात हे नेहमीच असे घडत आले आहे, आणि प्रवाशाच्या पाठीवर आज जी सुखकर पिशवी दिसते तिच्या घडणीला इतका विलंब का लागला, याचे उत्तरही बहुतांशी त्यातच सापडते.

मराठी भाषेत ओझ्यासाठी शब्दांची वाण नाही. बोचके आहे, गाठोडे आहे, वळकटी आहे, झोळी आहे, पडशी आहे. हे शब्द शरीराच्या कोणत्या भागाशी निगडित आहेत ते पाहू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. कावड व पडशी खांद्यावर असतात. घागर आणि पाटी माथ्यावर असतात, व माथा आणि भार यांच्यामध्ये चुंबळ असते. पैशाचा कसा कमरेला असतो. बोचके काखोटीस मारले जाते. पाठीच्या वाट्याला मात्र फारसे काही आलेले नाही. पाठुंगळीस बसते ते मूल. आणि पाठाळ म्हणतात ते ओझ्याच्या जनावराला. माणसाने आपले सामान आपल्याच पाठीवर बांधून प्रवासाला निघावे ही कल्पना देशावर वा कोकणात रूढ नव्हती. म्हणूनच त्या वस्तूला आपल्याकडे जुना शब्द नाही, आणि आजचा तरुण प्रवासी तिला सहजपणे 'सॅक' म्हणून मोकळा होतो.

याचा अर्थ आपल्या पूर्वजांना ओझ्याचे शास्त्र ठाऊक नव्हते, असा मात्र नव्हे. कावडीचेच उदाहरण घ्यावे. बांबूच्या दोन टोकांना समान भार, मध्ये खांदा. भार पुढे व मागे सारखा विभागला गेल्यामुळे शरीर एका अंगाला झुकत नाही. एक खांदा अवघडला की चालता चालता बांबू दुसऱ्या खांद्यावर घेता येतो. बांबू लवचीक असल्यामुळे पावलागणिक बसणारा हिसका तो स्वतःच्या वाकण्यात जिरवून टाकतो. पडशीचेही तत्त्व तेच: एक पोट छातीवर, दुसरे पाठीवर. चुंबळीचे कार्य याहून सूक्ष्म आहे. ती भार पसरवते, घागर डळमळू देत नाही, आणि माथ्यावरचा भार कण्याच्या सरळ रेषेत ठेवते. ही साधने कोणी एकाने शोधली नाहीत. ती वापरणाऱ्यांच्या अनुभवातून घडत गेली.

होळकरांच्या इतिहासात कावडीला मानाचे स्थान आहे. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वराहून राज्यकारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंनी दूरदूरच्या, विशेषतः दक्षिणेतील, देवालयांत अभिषेकासाठी गंगोदक पाठविण्याची व्यवस्था केली होती. या कार्यासाठी त्या मोठा खर्च करीत, असे सर जॉन माल्कम याने माळव्याच्या वृत्तान्तात नमूद केले आहे. त्या खर्चाचा अर्थ वाटचाल करणारी माणसे असा होता. आजही श्रावणात ओंकारेश्वरी नर्मदेचे जल भरून भाविक कावडी घेऊन उज्जैनला महाकालाकडे जातात.

मराठी वाचकाच्या अधिक परिचयाची कावड आहे ती विष्णुभट गोडसे यांची. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक, घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून, १८५७ साली काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास त्यांना शिपायांकडून बंडाची पहिली वार्ता कळली. पुढे झांशीचा वेढा, लुटालूट, पायपीट हे सर्व त्यांनी सोसले. मिळविलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. परंतु आईवडिलांच्या स्नानासाठी घेतलेली गंगेची कावड त्यांनी वरसईला आणून पोचविली. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास' या ग्रंथामुळे ही हकीकत आपणापर्यंत आली. ओझे वाहणाऱ्या माणसाने स्वतः लिहून ठेवलेले असे वृत्तान्त फार थोडे. येथे ओझे आणि ते वाहण्याची इच्छा ही दोन्ही एकाच माणसाची होती, हा त्यातील विशेष होय.

ओझे सुखाचे करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ते शरीरावर नीट बसविणे. दुसरा, ते मुळात कमी करणे. दुसऱ्या मार्गाचे महत्त्व मराठ्यांनी आपल्या वैभवाच्या काळी फार मोठी किंमत देऊन जाणले. १७६१ च्या पानिपताच्या मोहिमेत जड तोफखाना, बायकामुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा अफाट पसारा सैन्याबरोबर होता. हा पसारा मागे सुरक्षित जागी ठेवून सडे लढावे, असा सल्ला सुरजमल जाटाने व मल्हारराव होळकरांनी दिला होता. तो मानला गेला नाही. १४ जानेवारी १७६१ या दिवशी काय झाले ते सर्वश्रुत आहे. पराभवाची कारणे अनेक आहेत आणि ती सगळी एका गाठोड्यात बांधणे योग्य नाही. परंतु सामानाने सैन्याचे पाय जखडले ही गोष्ट बहुतेक इतिहासकारांनी मान्य केली आहे.

त्याच मल्हाररावांच्या सुनेने प्रवाशाचे ओझे निराळ्या रीतीने हलके केले. अहिल्याबाईंनी तीर्थमार्गांवर धर्मशाळा, विहिरी, घाट व अन्नछत्रे उभारली, याचे वर्णन सामान्यतः दानधर्म म्हणून केले जाते. वाटसरूच्या दृष्टीने पाहिल्यास त्याला आणखी एक अर्थ आहे. पुढच्या मुक्कामी पाणी मिळणार असेल तर घागर वाहावी लागत नाही. अन्न मिळणार असेल तर शिधा वाहावा लागत नाही. छप्पर मिळणार असेल तर राहुटी लागत नाही. रस्त्याची सोय जितकी चांगली, तितकी प्रवाशाची पडशी लहान. आजही नर्मदेची परिक्रमा करणारे मराठी भाविक अल्प सामानानिशी निघू शकतात, ते किनाऱ्यावरच्या गावांतील सदावर्तांच्या आणि आश्रमांच्या भरवशावर.

पहिल्या मार्गाचा, म्हणजे पाठीवर ओझे नीट बसविण्याचा, विचार आपल्याकडे झाला तो जनावराच्या बाबतीत. वंजारी व लमाण यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्याच्या व मिठाच्या गोण्या लादून दख्खन आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये सतत ये-जा करीत. दोन्ही बाजूंना सारखे वजन, खाली जाड आंथरी, आणि कण्यावर थेट दाब येऊ नये म्हणून मध्ये मोकळी जागा, हे नियम त्यांना पक्के ठाऊक होते. घोड्याच्या खोगिराचेही तसेच. खोगिरात जुन्यापुराण्या चिंध्या भरीत, त्यावरून निरुपयोगी गर्दीला 'खोगीरभरती' हा शब्द भाषेत आला. वस्तुतः ती भरती निरुपयोगी नव्हती. ती नसेल तर घोड्याची पाठ लागे, आणि पाठ लागलेला घोडा मोहिमेत कुचकामी ठरे. बैल आणि घोडा विकत घ्यावे लागत. त्यांची पाठ बिघडली तर धन्याचे नुकसान होई. म्हणून त्यांच्या पाठीची काळजी धन्याने घेतली.

माणसाच्या पाठीला ही काळजी लाभावयास मात्र वेळ लागला. वेठीला धरलेला माणूस विकत घ्यावा लागत नसे. तो एका गावापासून पुढच्या गावापर्यंत ओझे नेई आणि तेथे दुसरा धरला जाई. ही वेठ सर्व हिंदुस्थानभर कोणत्या ना कोणत्या रूपात होती. कुमाऊंच्या डोंगराळ मुलुखात तिला 'कुली बेगार' म्हणत. साहेबांचे सामान वाहण्यासाठी गावोगावच्या पुरुषांची नावे नोंदवह्यांत घातलेली असत. १४ जानेवारी १९२१ रोजी बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली लोकांनी त्या नोंदवह्या शरयूच्या पात्रात फेकून दिल्या. ओझ्याच्या इतिहासात कोणत्याही पट्ट्याच्या अगर चौकटीच्या शोधाहून ही घटना कमी महत्त्वाची नाही.

युरोपात सैनिकाची स्थिती याहून फार निराळी नव्हती. त्याची पाठपेटी पाठीवर उंच बांधलेली असे, आणि तिचे व इतर सरंजामाचे पट्टे छातीवर आवळले जात. संचलनात ती सुबक दिसे. चालताना श्वास कोंडे. १८६० नंतरच्या दशकात इंग्रज सरकारने या प्रकाराची चौकशी करण्यास एक समिती नेमली. नेटली येथील सैनिकी वैद्यक विद्यालयातील आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक एडमंड पार्क्स हे तिचे एक सदस्य होते. छातीवरील दाब हृदय व फुप्फुसे यांना अपायकारक आहे हे वैद्यांनी दाखवून दिले, आणि १८७१ मध्ये निघालेल्या नव्या नमुन्यात सामानाची थैली छातीच्या मागून उतरून कमरेजवळ आली. सैनिकाच्या सुखासाठी हे झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. आजारी पडलेला शिपाई राज्याला महाग पडतो, हे गणित त्यामागे होते. तरीही प्रश्न प्रथमच नीट विचारला गेला: ओझे शरीराच्या कोणत्या भागाने पेलावे? इंदुरापासून जवळच असलेली महूची छावणी, जी पुढे डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून सर्वांस परिचित झाली, ती अशाच सैनिकांची छावणी होती.

खरा पालट झाला तो ज्या देशांत हौसेने डोंगर चढणारा माणूस आपले ओझे आपणच उचलू लागला तेथे. जर्मन भाषेतील 'रुकसॅक' या शब्दाचा अर्थच पाठीवरची पिशवी. परंतु जुनी पिशवी म्हणजे दोन पट्टे लावलेली कापडी थैली. भरली की ती गोल होई, पाठीत टोचे आणि खाली लोंबे. नॉर्वेच्या ओले बर्गन या गृहस्थाने हा त्रास शिकारीच्या वेळी स्वतः भोगला. एका झाडाची फांदी आपल्या पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवून त्याने ती पिशवीला बांधली, अशी कथा आहे. १९०९ साली त्याला पाठीच्या आकाराच्या चौकटीचे एकस्व मिळाले. ब्रिटिश सैनिक आपल्या पाठपिशवीला आजही 'बर्गन' म्हणतात, हे त्या नावाचे स्मारकच होय.

चौकटीची कल्पना मात्र बर्गनच्या फार आधीची. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवरील हिमनदीत सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला. त्याच्याजवळ हेझलच्या लाकडाची वाकविलेली काठी व दोन आडव्या फळ्या होत्या. पाठीवरील ओझ्याची ती चौकट असावी असे बहुतेक संशोधक मानतात. अलास्कातील मूळ रहिवासी लाकूड व कातडे यांची चौकट वापरीत. ती पाहून लॉइड नेल्सन या अमेरिकनाने १९२० नंतर आपली प्रसिद्ध पाठपिशवी बनविली. नव्या युगाचे श्रेय म्हणून जे सांगितले जाते त्यातील बराच भाग अशा अनामिकांकडून उसना घेतलेला आहे.

तथापि एक शोध खरोखर नव्या युगाचा म्हणावा लागेल. कॅलिफोर्नियात डिक केल्टी आणि त्यांची पत्नी नीना यांनी १९५२ साली घरच्या घरी पिशव्या बनविण्यास आरंभ केला. तो ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून चौकटी करी आणि ती कापड शिवी. सहलीत एका मित्राने चौकटीची खालची टोके विजारीच्या मागच्या खिशांत खोवली आणि खांद्यावरचा भार एकदम हलका झाला, अशी आख्यायिका आहे. त्यातून कमरेचा पट्टा आला. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लो याने चौकट पिशवीच्या आत घेतली, आणि पिशवी पाठीला अधिक लगटून बसू लागली. प्रवाशाच्या पाठीवर आज जी पिशवी आढळते ती या दोन कल्पनांची संतती आहे.

ती सुखकर का होते, हे समजण्यास मोठ्या विज्ञानाची गरज नाही. भरलेली घागर कडेवर घेतली तर चालता येते. तीच हात लांब करून धरली तर चार पावलेही जड जातात. वजन तेवढेच, परंतु शरीरापासून दूर गेले की ते शरीराला ओढू लागते. पाठीपासून सुटून मागे लोंबणारी पिशवी हेच करते; तोल सावरण्यासाठी माणूस पुढे वाकतो, मान बाहेर काढतो, आणि संध्याकाळी मान व खांदे भरून येतात. म्हणून जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या फऱ्यांच्या आसपास असाव्यात. अंथरूण-पांघरूण तळाशी, आणि पाणी व पावसाचा कोट हाताशी.

दुसरी गोष्ट मापाची. पिशवी उंचीवरून निवडावयाची नसते. पाठीच्या लांबीवरून निवडावयाची असते. मान पुढे झुकविली असता तिच्या मुळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो तेथून, कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या काठांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर, हे ते माप. सारख्याच उंचीच्या दोन माणसांत हे माप निरनिराळे असू शकते. एकाचे पाय लांब, दुसऱ्याची पाठ लांब. कमरेचा पट्टा पोटाच्या मऊ भागावर नव्हे, तर हाडाच्या काठावर बसला पाहिजे. कारण वजनाचा मोठा वाटा तेथून थेट पायांकडे जावयाचा असतो. खांद्यावरचे पट्टे भार पेलण्यासाठी कमी आणि पिशवी पाठीशी धरून ठेवण्यासाठी अधिक असतात. त्यांच्या वरच्या टोकाकडून चौकटीकडे जाणारे छोटे बंद सुमारे ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत ताणलेले असावेत. छातीवरचा पट्टा खांद्याचे पट्टे घसरू नयेत इतपतच. श्वास कोंडेल इतका तो आवळणे म्हणजे १८७१ पूर्वीच्या शिपायाची चूक पुन्हा करणे होय. बांधण्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी कंबर, मग खांदे, मग वरचे बंद, शेवटी छाती. पिशवी विकत घेताना ती रिकामी लावून आरशात पाहण्यात अर्थ नाही. तीत वजन घालून दुकानातच काही वेळ फिरावे. पाठच त्या वेळी सल्ला देते.

आगगाडीच्या व विमानाच्या प्रवासासाठी आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. पिशवी बाकाखाली मावली पाहिजे. लोंबणारे पट्टे आत दडविता आले पाहिजेत. तोंडाकडून उपसावी लागणाऱ्या थैलीपेक्षा पेटीसारखी उघडणारी पिशवी सोयीची. आणि फार मोठी पिशवी घेऊ नये. मोकळी जागा ही प्रवाशाची परीक्षा असते. ती राहिली की भरली जाते. अनेक दिवस चालावयाचे असेल तर ओझे स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांशाच्या आत ठेवावे, असा अनुभवी लोकांचा साधारण दंडक आहे.

येथे कोणी असे म्हणेल की, नेपाळी हमाल कमरेच्या पट्ट्यावाचून याच्या कितीतरी पट ओझे नेतो, त्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे. कपाळावरून घेतलेला 'नाम्लो' नावाचा पट्टा, पाठीवर बांबूचा 'डोको', आणि हातात टेकण्यासाठी आडव्या मुठीची काठी, एवढ्यावर त्याचे काम चालते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे सामान साडेतीनशेहून अधिक हमालांनी वाहिले. जगाला नावे मात्र दोनच पाठ झाली. 'सायन्स' या नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नामचे बाजाराकडे जाणाऱ्या पुरुष हमालांचे ओझे सरासरीने त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के, तर स्त्रियांचे ६६ टक्के आढळले. आणि ते वाहताना त्यांची शक्ती तुलनेने कमी खर्च होत होती. आफ्रिकेतील केनियाच्या स्त्रिया आपल्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचा भार माथ्यावरून जवळजवळ कोणत्याही अधिक श्रमावाचून नेतात, असे १९८६ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले होते. चुंबळ घेऊन पाणवठ्यावर जाणाऱ्या आपल्या स्त्रियांना ह्यात नवल वाटणार नाही.

परंतु या अभ्यासांतून 'त्यांना सवय असते' एवढाच निष्कर्ष काढणे हा अन्याय होईल. नेपाळी हमाल सावकाश चालतो आणि वारंवार थांबतो. म्हणूनच त्याच्या हाती टेकणकाठी असते. तमिळनाडूत रस्त्याच्या कडेला माथ्याच्या उंचीचे दगडी ओटे असत. त्यांना 'सुमैतांगी' म्हणतात. वाटसरूने कोणाच्या मदतीवाचून माथ्यावरचे ओझे त्यावर सरकवावे व विसावा घ्यावा, यासाठी ते असत. ओझ्याचे सुख केवळ पट्ट्यात नसते. थांबण्याची मुभा हाही त्याचा भाग आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहण्याच्या ओझ्याला ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचविली. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, महाराष्ट्राने माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा केला. ज्यांच्या माथ्यावर ओझे होते त्यांनी संघटित होऊन मागणी केली, तेव्हा तो झाला.

या साऱ्या इतिहासातून एक सूत्र दिसते. ओझे ज्याचे आणि ओझे जो वाहतो, ही दोन माणसे जोवर निराळी असतात, तोवर वाहणाऱ्याच्या पाठीचा विचार मागे पडतो. धनी स्वतः वाहू लागला की फांदी वाकविली जाते, कमरेला पट्टा येतो. अथवा वाहणाऱ्याला बोलण्याचा अधिकार मिळाला की नोंदवही नदीत जाते, कायदा होतो. या दोहोंपैकी एकही गोष्ट ज्याच्या वाट्याला आलेली नाही असा एक ओझेकरी आज आपल्या घरोघरी आहे. तो म्हणजे शाळेत जाणारे मूल.

दप्तरात काय असावे हे मूल ठरवीत नाही. वेळापत्रक शाळा ठरविते, पुस्तके शासन ठरविते, वह्यांची संख्या शिक्षक ठरवितात, आणि पिशवी पालक विकत घेतात, तीही पुष्कळदा 'पुढची दोन वर्षे पुरेल' अशी मोठी. ज्या पिशवीचे पट्टे लांब सोडलेले, कमरेचा पट्टा नाही आणि तळ मांड्यांवर आपटतो, ती पिशवी वरील प्रत्येक नियमाच्या विरुद्ध आहे. ख्यातनाम लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत या दप्तराविषयी कळकळीने भाषण केले. १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९३ मध्ये तिचा अहवाल आला, आणि पाठीवरच्या ओझ्याइतकेच न समजता पाठ करण्याचे ओझेही वाईट आहे, हे तिने सांगितले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आणि केंद्राने २०२० च्या धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपुरते मर्यादित केले. पूर्वप्राथमिक वर्गांना दप्तरच नको, पट्टे दोन व गादीचे असावेत, शाळेत वजनकाटा असावा, असेही त्या धोरणात आहे.

नियम झाले, परंतु नियम कागदावर असतो आणि दप्तर पाठीवर. २५ किलो वजनाच्या मुलास अडीच किलो, एवढे हे सोपे गणित आहे. ते करण्यास धोरणाची प्रत वाचावी लागत नाही. घरात किंवा वाण्याकडे काटा असतो. हिमालयात जाणारा तरुण आपल्या पिशवीसाठी पाठीचे माप घेतो, बंदांचा कोन पाहतो, एकेक वस्तू हातात तोलून मागे ठेवतो. तेवढी चिकित्सा घरातील लहानग्या पाठीसाठी आठवड्यातून एकदा झाली, रविवारी संध्याकाळी दप्तर उलटे करून त्यातले उद्या न लागणारे बाजूला काढले आणि सैल पट्टे वर ओढले, तर पुष्कळ काही साधेल. शाळांनीही आपल्या आवारात सुमैतांगीसारखे काही उभारावे. जड पुस्तके ठेवण्यासाठी एक साधे कपाट पुरे.

बडा गणपतीच्या मूर्तीसाठी सात पुरींची माती ज्यांनी आणली त्यांच्या पाठीची, खांद्याची विचारपूस आता करता येणार नाही. उद्या सकाळी शाळेला निघणाऱ्यांची करता येईल.